हातचा एक



दुसरीचा वर्ग. बाई सांगतात, "पंचवीस लिहा." मुलं पाटीवर वाकतात. बहुतेक जण २५ लिहितात. पण दर वर्गात दोन-चार मुलं अशी निघतातच, जी ५२ लिहितात. बाई पाटी पुसायला लावतात आणि आवाज चढवून पुन्हा सांगतात, "अरे, पंचवीस! पं-च-वी-स!" मूल क्षणभर बाईंकडे बघतं, आणि या वेळी जास्तच ठसठशीत ५२ काढतं.

काय चुकलं त्याचं?

खरं म्हणजे त्याने फार नीट ऐकलं. 'पंच' आधी कानावर पडलं, म्हणून पाच आधी लिहिला. 'वीस' नंतर आलं, म्हणून दोन नंतर. ऐकू येईल त्याच क्रमाने लिहायचं, हे आपणच त्याला मराठीच्या तासाला घोटून घोटून शिकवलेलं असतं. 'कमळ' म्हटलं की आधी 'क'. मग मराठीच्या तासाला जे बरोबर, ते घंटा झाल्यावर गणिताच्या तासाला चूक कसं होतं? हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बाईंनाही कुणी सांगितलेलं नसतं, हेही इथे नोंदवून ठेवू या.

श्रोतेहो, आज या एका पाटीपासून फार लांब जायचं नाही. संख्येचं नाव, संख्या धरायला लागणारी वस्तू, आणि वर्गात कुणी कुठे बसायचं, एवढाच पसारा. म्हणणंही एकच आहे: पहिली ते तिसरीत संख्या आधी हातात यावी, मग तोंडात, आणि वहीत सगळ्यात शेवटी. आपल्या बहुतेक वर्गांत ही वरात उलटी निघते. वही पुढे, तोंड मध्ये, आणि हात? हाताची घडी, तोंडावर बोट!

आधी नावाचं बघू.

मराठीत एक ते शंभर हे आकडे म्हणजे जवळजवळ शंभर वेगळे शब्द आहेत. तीन या साध्या अंकाची सोंगं पाहा. तेवीसमध्ये तो 'ते' होतो, तेहतीसमध्ये 'तेह', त्रेचाळीसमध्ये 'त्रे', त्र्याहत्तरमध्ये 'त्र्या'. पन्नास तर एकावन्नमध्ये 'वन्न' होतो आणि त्रेपन्नमध्ये पुन्हा 'पन्न'. सत्तरचा 'हत्तर' होतो. मोठ्यांना यात काही वावगं वाटत नाही, कारण मोठे हे सगळं कधीच विसरून गेलेले असतात. आणि 'एकोण'ची गंमत तर विचारूच नका. एकोणतीस म्हणजे तीसला एक उणा. त्यात तीस ऐकू येतो, पण लिहिताना तीनचा पत्ता नाही. मग मूल ३९ लिहितं. एकोणपन्नासचे ५९ होतात. शेवटी नव्व्याण्णवला येऊन मराठीच दमते आणि 'एकोणशंभर' म्हणायचं सोडून देते.

आता सोलापुरातलं एखादं मूल डोळ्यांसमोर आणा. घरी कन्नड किंवा तेलुगू, शाळा मराठी. घरी ते पंचवीसला 'इप्पत्तैदु' म्हणतं किंवा 'इरवै ऐदु' म्हणतं. दोन्हींचा अर्थ वीस-पाच. आधी वीस, मग पाच, जसं लिहायचं तसंच बोलायचं. शाळेत आल्यावर तेच मूल पाच-वीस म्हणायला शिकतं आणि वीस-पाच लिहायला शिकतं. घरातलं सरळ गणित दारात काढून ठेवायचं, चपलांसारखं.

२०१९ च्या जून महिन्यात यावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ते या सभागृहात अनेकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बावीसच्या जोडीला 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत दिली होती. वर्तमानपत्रांचे रकाने भरले, विधानसभेत टोलेबाजी झाली, मराठी भाषा बुडाली असंही सांगून झालं. गणित समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. स्वतः गणिती, आणि मुलांसाठी सोप्या मराठीत गणित लिहिणाऱ्या. जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना संख्या कळावी म्हणून जोडीला एक वाट दिली आहे, हे त्या शांतपणे समजावत राहिल्या. ऐकून घ्यायला फारसं कुणी थांबलं नाही. २०२३ साली त्या गेल्या. तो वाद आज कुणाला आठवला तर विनोद म्हणून आठवतो, ही काही आपल्या भूषणाची गोष्ट नाही.

गंमत अशी, की असा बदल एका अख्ख्या देशाने करून दाखवला आहे. नॉर्वेत पूर्वी आपल्यासारखंच 'पाच आणि वीस' म्हणत. १९५१ मध्ये तिथे सरकारी निर्णयाने 'वीस-पाच' म्हणायला सुरुवात झाली. मागणी कुठून आली होती? शाळांकडून नव्हे, टेलिफोन खात्याकडून! नंबर सांगताना-ऐकताना उलटापालट होत होती. आजही तिथले काही लोक घरी जुन्याच पद्धतीने बोलतात आणि त्यावाचून कुणाचं अडत नाही. जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक नंतर. तिथेही नावं सुलट करावीत म्हणून एक संस्था काम करते. म्हणजे हे दुखणं एकट्या मराठीचं नाही.

पण त्या सगळ्या वादात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही. पंचवीस म्हणा किंवा वीस पाच म्हणा. ते म्हणताना मुलाच्या हातात काय होतं? शब्दावर भांडण झालं, वस्तूवर झालंच नाही. 'एकोणतीस' हा शब्द टाकायची काहीएक गरज नाही. उलट तो फार सुंदर शब्द आहे, फक्त तो आधी डोळ्यांना दिसायला हवा.

तो दिसतो कसा? पुष्कळ शाळांमध्ये आता गणितमाळ असते. शंभर मण्यांची माळ. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, असं शेवटपर्यंत. अशी माळ नेदरलँड्समधल्या वर्गांत वापरात होती. आपल्याकडे दिल्लीच्या 'जोडो ज्ञान' या गटाने ती रुजवली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती बांधतात. एखाद्या मुलीला सांगा, एकोणतिसाव्या मण्यानंतर चिमटा लाव. ती आधी एकेक मणी मोजत जाते. आठ-दहा दिवसांनी तीच मुलगी थेट तिसऱ्या दहाच्या टोकाला जाते आणि एक मणी मागे सरकते. तिला आता 'एकोण' हा शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही. तिचं बोटच तो शब्द उच्चारतं.

श्रोतेहो, मोजणं म्हणजे तरी काय? चार-साडेचार वर्षांच्या नातवंडापुढे सात चिंचोके ठेवा आणि मोजायला सांगा. ते बोट ठेवत 'एक, दोन, तीन...' करत सातपर्यंत येतं. आजी खूश. आता त्याला विचारा, "मग किती चिंचोके आहेत?" पुष्कळ मुलं 'सात' असं उत्तर देत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. त्यांच्या लेखी 'सात' हे शेवटच्या चिंचोक्याचं नाव असतं, सगळ्यांचं मिळून नसतं. शेवटचा उच्चारलेला आकडा हीच सगळ्या ढिगाची संख्या, हा एक वेगळाच शोध आहे आणि प्रत्येक मुलाला तो स्वतः लावावा लागतो. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मुलांच्या मोजण्यामागची अशी पाच तत्त्वं मांडली. त्यातली दोनच आपण वर्गात तपासतो: आकडे क्रमाने येतात का, आणि एका वस्तूला एकच आकडा लागतो का. तिसऱ्याकडे, म्हणजे या शोधाकडे, लक्षच जात नाही. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणारं मूल सात चिंचोक्यांपाशी अडलेलं असू शकतं, आणि पाहुण्यांपुढे त्याची टाळ्या वाजवून पाठवणी होते.

चिंचोके म्हटल्यावर कोसबाड आठवायलाच हवं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मॉन्टेसोरीबाईंची साधनं अप्रतिम, पण महाग. सोनेरी मणी, दहाची कांडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. ते वारली पाड्यावर कुठून येणार? ताराबाईंनी मॉन्टेसोरीचं मर्म ठेवलं आणि सामान बदललं. बिया, खडे, शंख-शिंपले, पानं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. आपण आज 'शैक्षणिक साहित्य' म्हणून जे छापील खोके विकत घेतो, त्यांच्यापुढे ती बिया-खड्यांची परडी ठेवून पाहावी.

आणि त्या खोक्यांचं होतं काय? गणिताची पेटी शाळेत येते. तिची जडसंग्रह नोंदवहीत नोंद होते. मणी किती, पट्ट्या किती, ठोकळे किती. एक मणी हरवला तर जबाबदार कोण? गुरुजी. मग शहाणा गुरुजी काय करील? पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. तपासणीच्या दिवशी पेटी टेबलावर येते, कोरी करकरीत. यात गुरुजींची चेष्टा करण्याचा हेतू नाही. हिशेब मण्यांचा मागितला जातो, मुलांच्या समजेचा मागितला जात नाही, तोवर माणूस मणीच जपणार. चिंचोक्यांचं बरं असतं. त्यांची नोंद कोणत्याच वहीत करावी लागत नाही.

आता वळू 'हातचा' या शब्दाकडे. मराठीतला हा शब्द फार गोड आहे. बेरजेत दहा झाले की एक दशक हातात राहतं, म्हणून तो हातचा. म्हणजे शब्दातच हात आहे! आणि वर्गात? वर्गात हातचा वहीच्या वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने काढलेला एक बारीक आकडा असतो. त्याचा हाताशी काही संबंध उरलेला नसतो.

त्रेचाळीस वजा सतरा हे उदाहरण घ्या. कागदावर उभी मांडणी. पुष्कळ मुलांचं उत्तर येतं चौतीस. कसं? सातातून तीन गेले, चार. चारातून एक गेला, तीन. बाई म्हणतात, अभ्यास करत नाही. पण नीट पाहा. पहिलीत बाईंनीच सांगितलं होतं, "वजाबाकीत नेहमी मोठ्यातून लहान काढायचं." मुलाने एक वर्षभर ते वाक्य जपून ठेवलं, आणि अगदी प्रामाणिकपणे वापरलं. दुसरीतल्या किती चुका या पहिलीतल्या आपल्याच वाक्यांची परतफेड असतात, याचा कुणी हिशेब मांडावा.

हेच उदाहरण काड्यांनी करा. खराट्याच्या काड्या, दहा-दहाची जुडी, वर रबर. चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या. "सतरा काड्या दे." मूल एक जुडी सहज देतं. आता सात सुट्या हव्यात आणि आहेत तीन. ते थांबतं. इकडे तिकडे बघतं. शेजारच्याकडून मागावं का, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. मग हळूच एका जुडीचं रबर काढतं. टक्! सगळा वर्ग ऐकतो तो आवाज. आता तेरा सुट्या झाल्या. सात दिल्या, सहा उरल्या, जुड्या दोन. सव्वीस. कुणी नियम सांगितला नाही, आणि चौतीस हे उत्तर येण्याची शक्यताच राहिली नाही, कारण सुट्या तिनातून सात देताच येत नाहीत हे बोटांना कळलेलं असतं.

एक अवांतर. या क्रियेला आपण 'उसना घेणं' म्हणतो. दशकाकडून एक उसना घेतला. मग परत कधी द्यायचा, असा प्रश्न एखादं चौकस मूल विचारतं आणि वर्ग हसतो. प्रश्न रास्त आहे. उसना घेतलेला परत करावा लागतो, इथे तर कुणी करत नाही. दुकानदार याला नेमकं काय म्हणतो? नोट सुट्टी करणं. दहाची नोट दिली, दहा सुटे घेतले. देणं नाही, घेणं नाही, रक्कम तेवढीच. वर्गात हाच शब्द वापरला तर अर्धं काम भाषाच करून टाकते.

बाजाराचा विषय निघालाच आहे, तर ब्राझीलमध्ये जाऊन येऊ. रेसिफे नावाचं शहर आहे. तिथे तेरेझिना नुनेस, अनालुसिया श्लिमन आणि डेव्हिड कॅराहर या तिघांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. बारा वर्षांचा एक मुलगा शहाळी विकत होता. एक शहाळं पस्तीस क्रुझेरोंना. गिऱ्हाईक बनून आलेल्या संशोधकाने चार मागितली. मुलाने तोंडी हिशेब केला: तीनचे एकशे पाच, त्यात तीस, एकशे पस्तीस, आणखी पाच, एकशे चाळीस. अगदी बरोबर. पुढे त्याच मुलाला कागद-पेन्सिल देऊन तेच गणित अंकांत घातलं, पस्तीस गुणिले चार. तो बोलत बोलत करू लागला: चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं दोनशे! ज्याने रस्त्यावर एका पैचीही चूक केली नसती, तो कागदावर साठ क्रुझेरोंनी बुडाला. हातच्याने बुडवला. हातचा आधी मिळवायचा की गुणून झाल्यावर, हे नुसतं पाठ होतं, आणि पाठ उलटं झालं होतं. या मुलांची रस्त्यावरची अठ्ठ्याण्णव टक्के उत्तरं बरोबर आली. अंकांतली, कागदावरची? सदतीस टक्के.

ब्राझील लांब वाटतं का? मग कोलकाता आणि दिल्ली घ्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बाजारांत काम करणारी सुमारे चौदाशे मुलं तपासली. निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस रुपये किलोचे आठशे ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो चारशे ग्रॅम कांदे, दोनशेच्या नोटेतून परत किती? या धर्तीचे हिशेब ही मुलं मनातल्या मनात करत होती. करून पाहा, एकशे त्रेसष्ट. आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचा शाळेतला साधा भागाकार त्यांच्यापैकी तिघांतल्या जेमतेम एकाला जमला. उलट, शाळेत जाणारी, बाजार न केलेली मुलं कागदावर बरी होती आणि बाजारी हिशेबात अडखळत होती. दोघांनाही गणित येतं, आणि दोघांचं गणित एकमेकांना ओळख देत नाही.

इथे सभागृहातली ज्येष्ठ मंडळी मनात म्हणत असतील, आमच्या वेळी असं नव्हतं. आम्ही तिसापर्यंत पाढे म्हणायचो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकीसुद्धा! खरं आहे. पण ती औटकी आली कुठून, हे विचारायला हवं. तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे. शेराचा पाव, पावाचा अर्धा. दीड शेराचे, अडीच मणाचे दाम हे रोजचं बोलणं होतं. पाढा पाठ होता आणि तो संध्याकाळी वाण्याच्या दुकानात वापरलाही जात होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि त्या पाढ्यांखालची जमीनच सरकली. आज उजळणीतलं बे एके बे तेवढं उरलंय, त्याच्या खालचं दुकान गेलंय. आता तर दुकानातही मोबाइल दाखवला की पैसे जातात. सुट्टे परत घ्यायची वेळच मुलावर येत नाही. पाठांतराला नावं ठेवण्याचं कारण नाही, पाढे पाठ हवेतच. पण सात साते एकोणपन्नास म्हणणाऱ्या मुलाला सात ओळींत सात-सात चिंचोके मांडता येतात का, हे एकदा बघून घ्यावं.

असो. आता वर्गात शिरू. कारण इथवर जे सांगितलं, ते एका मुलासाठी सोपं आहे. तीस मुलांचं काय?

आणि तीस मुलं एकाच इयत्तेची असतील तर तीही चैन म्हणावी लागेल. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा पहिली ते चौथीच्या, पट कमी, शिक्षक दोन. चार इयत्ता, दोन खोल्या. म्हणजे एका गुरुजींसमोर पहिली आणि दुसरी एकाच सतरंजीवर. त्यात दुसरीतल्या पाच जणांना अजून नऊपर्यंतच नीट येतं, आणि पहिलीतली एक मुलगी शंभरपर्यंत पोचलेली. फळा एक. गुरुजी एक. अशा वर्गात 'पान क्रमांक बत्तीस काढा' या वाक्याला काय अर्थ राहतो?

'असर' या शैक्षणिक पाहणीच्या जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी, हातच्याची वजाबाकी जमते. २०१८ साली हा आकडा २८.२ होता, कोविडनंतर २०२२ मध्ये २५.९ पर्यंत घसरला होता. सुधारणा आहे, ती नाकारू नये. पण उरलेल्या दोन-तृतीयांश मुलांसमोर तिसरीत गुणाकार आणि भागाकार येऊन उभे राहतात. पुस्तक पुढे जातं, कारण वर्ष पुढे जातं.

यावर उपाय नवा नाही, आणि तो आपल्याच मुंबईत आणि शेजारच्या वडोदऱ्यात तपासून झाला आहे. २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' संस्थेच्या बालसखींनी, म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुलींनी, मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोनेक तास वेगळं बसवून त्यांना जिथून येत होतं तिथून शिकवलं. मुलं पुढे सरकली. पुढे यातूनच इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करण्याची पद्धत उभी राहिली. साताऱ्याजवळ कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले तेव्हा राज्यभरातून शिक्षक बघायला गेले. त्यांनी काय पाहिलं? जमिनीवर रंगवलेल्या आकृत्या, त्याभोवती गटांनी बसलेली मुलं, आणि फळ्यासमोर उभ्या नसलेल्या बाई. पुढे काही ठिकाणी नुसती जमीन रंगवली गेली आणि गट मात्र झालेच नाहीत, हेही खरं.

गट करायचे म्हणजे रोज काय करायचं? तास सुरू होताच दहा मिनिटं सगळे मिळून तोंडी हिशेब, सगळ्या इयत्ता एकत्र. "चौदा होण्यासाठी नऊमध्ये किती?" पहिलीचं मूल बोटांवर काढील, तिसरीचं 'दहाला एक, वर चार' असं सांगेल, आणि पहिलीचं ते ऐकेल. बोटांवर मोजणाऱ्याला रागवू नये. आपल्या आज्या बोटांच्या पेरांवर दुधाचा महिनाभराचा हिशेब ठेवत, त्यांना कुणी कच्चं म्हटलं नाही. मग तीन गट. एका गटाबरोबर शिक्षक खाली सतरंजीवर, काड्या-चिंचोके घेऊन. दुसरा गट दोन-दोनच्या जोड्यांत, खोट्या नोटांचं दुकान. तिसरा गट वहीत, आणि वहीतलं काम असं, जे त्यांनी कालच हाताने केलंय. वीस मिनिटांनी जागा बदलायच्या. शिक्षकाला एका तासात आठ-दहा मुलांचं बोलणं खरोखर ऐकता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाकं नसतात याची आपण खंत करतो. पण गणितासाठी ती सतरंजी केवढी सोयीची! बाकावर काड्या घरंगळतात.

या मांडणीला विरोध होतो तो आवाजाचा. शेजारच्या वर्गाला त्रास होतो, मुख्याध्यापक डोकावतात. गणिताच्या तासाला शांतता हवी, ही समजूत कुठून आली कोण जाणे. तिसरीतली दोन मुलं 'सत्तावीस कसे, सदतीस येतात' असं हमरीतुमरीवर येऊन भांडतात, तेव्हा त्या खोलीत गणित चाललेलं असतं. दुसरी अडचण वेळेची. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाची घोषणा ५ जुलै २०२१ ला झाली, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अंकज्ञान यावं असं लक्ष्य २०२६-२७ साठी ठेवलं गेलं. लक्ष्य चांगलं आहे. पण त्यासाठी जेवढे तक्ते शिक्षकाने भरायचे, तेवढा वेळ सतरंजीवरून उचलला जातो, हे तक्ते मागवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आणि सराव? सराव हवा, भरपूर हवा. तो कंटाळवाणा असलाच पाहिजे असं मात्र नाही. मघाशी आलेलं कोसबाड डहाणू तालुक्यातलं. त्याच डहाणूत १९०५ साली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले. देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ या संख्येवर येऊन थांबणाऱ्या वजाबाकीच्या खेळामुळे जगभर त्यांचं नाव झालं. तिसरीसाठी त्या खेळाची धाकटी बहीण आहे. तीन अंक घ्या, तिन्ही सारखे नकोत. ३, ५, २ घेऊ. मोठ्यात मोठी संख्या ५३२, लहानात लहान २३५. वजा करा, २९७. पुन्हा तेच: ९७२ वजा २७९, ६९३. पुन्हा: ९६३ वजा ३६९, ५९४. पुन्हा: ९५४ वजा ४५९, ४९५. आता पुढे कितीही करा, ४९५ वरून हलत नाही. मधेच ९९ आले तर पुढे शून्य लावून तीन अंक पुरे करायचे, एवढंच. फळ्यावर दहा वजाबाक्या लिहून दिल्या तर मुलं कण्हतात. हा खेळ दिला तर तीच मुलं हातच्याच्या पंधरा-वीस वजाबाक्या आपणहून करतात, कारण प्रत्येकाला आपली संख्या ४९५ ला जाते की नाही हे पाहायचं असतं. आणि एखाद्याचं उत्तर ४९५ येत नाही तेव्हा चूक शोधायला त्याला शिक्षक लागत नाही.

वेळ संपत आली. श्रोतेहो, या सभागृहात शिक्षक कमी आणि आजी-आजोबा जास्त दिसतात, म्हणून एक विनंती तुम्हालाच. आज घरी गेल्यावर नातवंडाला सतराचा पाढा म्हणायला लावू नका. मूठभर शेंगदाणे त्याच्यासमोर ठेवा आणि मोजायच्या आधी विचारा, "किती असतील रे?" मग त्याला दहा-दहाचे ढीग करू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका. ढीग किती, सुटे किती, एवढं त्याच्या तोंडून ऐका. शेंगदाणे खाऊन झाले, की मग हवं तर वही काढा.